ओपीडीची तारीख कुठल्या रजिस्टरात?

विधिमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांत ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर सगळ्यांत जास्त वेळा भेटतं. ते कसं तयार होतं, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. तारांकित प्रश्नाचे, म्हणजे मंत्र्यांकडून तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचे, भाग पाडलेले असतात. पहिला भाग ‘हे खरे आहे काय की,’ असा सुरू होतो. पुढचे सगळे ‘असल्यास’ला टांगलेले: असल्यास चौकशी केली काय, चौकशीत काय आढळले, त्यानुसार कोणती कारवाई केली; नसल्यास विलंबाची कारणे काय. विभागानं पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हटलं की खालची सगळी साखळी आपोआप गळून पडते आणि तिथे ‘प्रश्न उद्भवत नाही’ छापून येतं.

मी एका आमदार ताईंसाठी हे मसुदे करते. ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे ते तुरुंगातल्या आजारी माणसांचं आहे आणि अजून मिटलेलं नाही.

सुरुवात एका न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्याच्या बायकोच्या पत्रानं झाली. नवऱ्याला हर्निया. तुरुंगाच्या डॉक्टरांनी सरकारी रुग्णालयात पाठवलं, तिथल्या सर्जननी ऑपरेशन सांगितलं. पत्राला केस पेपरची झेरॉक्स जोडलेली होती. त्यावर पहिल्या तपासणीची नोंद, खाली रक्त-लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञाचा फिटनेस, मग सर्जरी ओपीडीचा वार. त्याखाली कागद कोरा. पुढच्या प्रत्येक वारी त्याला न्यायला ‘कैदी पार्टी’ आली नव्हती.

कैदी पार्टी म्हणजे बंद्याला बाहेर नेणारं पोलीस पथक. बऱ्याच जणांना वाटतं की ही माणसं तुरुंगाचीच असतात. तसं नाही. ती जिल्हा पोलीस मुख्यालयाकडून किंवा आयुक्तालयाकडून येतात. तुरुंग अधीक्षक आदल्या दिवशी मागणी पाठवतो: उद्या कोर्टाचे इतके, दवाखान्याचे इतके. मुख्यालय बंदोबस्त बघून माणसं देतं. गणेशोत्सव, निवडणूक, मोठ्या पाहुण्यांचा दौरा, मोर्चा असलं काही आलं की तुरुंगाची मागणी खाली सरकते. हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तासाठी नागपूरला बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस मागवले जातात. म्हणजे सभागृहात तुरुंगांवरचा प्रश्न छापून येतो त्याच दिवसांत तिकडे पार्ट्या कमी पडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असते. हे मला आजही सहन होत नाही.

पैशांच्या हिशेबातही हीच फाटाफूट आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग राज्यसूचीत चौथ्या नोंदीला आहेत, पोलीस दुसऱ्या नोंदीला. दोन्हींची जबाबदारी राज्याचीच. पण अर्थसंकल्पात कारागृहं २०५६ या मुख्य लेखाशीर्षाखाली, पोलीस २०५५ खाली आणि आरोग्यसेवा २२१० खाली. पार्टी देणारं खातं एक, पार्टीसाठी खोळंबणारं दुसरं, ऑपरेशन करणारं तिसरं. मोठी सरकारी रुग्णालयं बहुतेक वैद्यकीय शिक्षण विभागाची. तुरुंगावरच्या चर्चेत जी माणसं उत्तर देतात, त्यांच्या हातात पार्टी नसते.

आधीच्या अधिवेशनात दुसऱ्या एका सदस्यांनी याच विषयावर प्रश्न दिला होता. ‘राज्यातील कारागृहांत बंद्यांना वैद्यकीय उपचार मिळत नाहीत, हे खरे आहे काय?’ उत्तर आलं, ‘हे खरे नाही. बंद्यांना कारागृह रुग्णालयात नियमित उपचार देण्यात येतात.’ उत्तरात खोटं काही नव्हतं. गोळ्या मिळतात, बीपी बघतात. ऑपरेशन मात्र तुरुंगाच्या दवाखान्यात होत नाही आणि प्रश्नात ऑपरेशनाचा उल्लेखच नव्हता.

आम्ही मसुदा वेगळ्या पद्धतीनं बांधला. एका बंद्याचं नाव घालता येत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट म्हणून प्रश्न दाखलच होत नाही. ‘गैरसोय’, ‘दुर्लक्ष’, ‘हेळसांड’ असले शब्दही काढले, कारण त्यांना नाही म्हणणं सोपं असतं. फक्त कागद मागितले. गेल्या तीन आर्थिक वर्षांत प्रत्येक मध्यवर्ती कारागृहानं रुग्णालयासाठी किती पार्ट्यांची लेखी मागणी केली, कोर्टासाठी किती. प्रत्यक्षात किती मिळाल्या. न मिळाल्यामुळे किती बंद्यांची रुग्णालयाची भेट रद्द झाली. रद्द झालेल्या भेटीनंतर नवी तारीख कोणी घेतली. रुग्णालय आणि कोर्ट हे दोन रकाने वेगळे ठेवणं हा मसुद्याचा कणा होता. बेरीज एकत्र दिली की कोर्टाच्या मोठ्या आकड्याखाली दवाखाना दिसेनासा होतो.

यादी छापायच्या आधी विभागातून फोन आला. कक्ष अधिकारी होते, बोलायला सभ्य. म्हणाले, “मॅडम, एवढं सगळं पुण्याहून मागवायचं, तिथून प्रत्येक अधीक्षकाकडे. दोनच भाग ठेवा ना, उत्तर वेळेत देतो.” त्यांची अडचण खरी आहे. मंत्रालयातलं कार्यासन पुण्याच्या कारागृह मुख्यालयाला विचारतं, मुख्यालय विभागीय उपमहानिरीक्षकांना, ते अधीक्षकांना. उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढतं आणि मंत्र्यांसाठी संभाव्य उपप्रश्नांची टिपणी वेगळी करावी लागते. तरी मी भाग कमी केले नाहीत. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ हे उत्तर मला ‘हे खरे नाही’पेक्षा चालतं. त्याचा पाठपुरावा पुढच्या अधिवेशनात करता येतो.

उत्तराचा दिवस अधिवेशनाच्या मधल्या आठवड्यात आला. प्रश्न यादीत बराच खाली होता. प्रश्नोत्तराच्या तासात वरचे मोजकेच तोंडी होतात, त्यामुळे उपप्रश्न विचारायला मिळणार नाही हे सकाळीच कळलं. हा तोटा मोठा असतो. मंत्री सभागृहात उभं राहून ‘तपासून घेतो’ म्हणाले तर ते शब्द आश्वासन म्हणून नोंदवले जातात आणि आश्वासन समिती त्यांचा पिच्छा पुरवते. छापील उत्तराला तेवढी धार नसते.

छापील उत्तर उघडलं. भाग एक: ‘अंशतः खरे आहे.’ इतक्या नकारांनंतर हे तीन शब्द वाचून आम्ही खुर्च्या सोडून उभ्या राहिलो. मग परिशिष्ट उघडलं.

तक्ता नीट केलेला होता. कोर्टासाठी मागणी, कोर्टासाठी मिळालेल्या पार्ट्या. दोन्ही रकाने कारागृहवार भरलेले. रुग्णालयाच्या मागणीचा रकाना भरलेला, मिळालेल्या पार्ट्यांचा भरलेला. तफावत उघड दिसत होती आणि ती रुग्णालयाच्या बाजूला जास्त होती. पुढचा रकाना, ‘रद्द झालेल्या रुग्णालय भेटी’, प्रत्येक ओळीत एकच शब्द: निरंक, म्हणजे शून्य.

मी त्या शब्दावर सगळा दिवस घालवला. तुरुंग प्रशासनातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी उलगडून सांगितलं. कोर्टात बंदी हजर झाला नाही तर वॉरंटवर शेरा पडतो, न्यायाधीश कारण विचारतात, कधी अधीक्षकाला खुलासा मागतात. चुकलेल्या तारखेचा कागद तिथे आपसूक तयार होतो. दवाखान्यात बंदी पोचला नाही तर डॉक्टर पुढच्या पेशंटचं नाव पुकारतात. रुग्णालयाचं रजिस्टर आलेल्यांचं असतं, न आलेल्यांचं नसतं. तुरुंगाच्या वहीत ‘पार्टी अप्राप्त’ अशी त्या दिवसाची एक ओळ पडते, ती पार्टीच्या नावानं; कोणता बंदी राहिला, कशासाठी राहिला, याची नोंद तिच्यात नसते. चुकलेली ओपीडी कुठल्याच कागदावर नाही. म्हणून निरंक.

‘मिळालेल्या पार्ट्या’ या रकान्यातही मेख आहे. पार्टी अकरा वाजता पोचली तरी ती मिळालेलीच धरतात. मग बंद्याची झडती, रोलवर सही, गाडी, रस्ता. सरकारी रुग्णालयात केस पेपर काढायची खिडकी दुपारपर्यंत बंद होते. बंदी रुग्णालयाच्या आवारात जाऊन परत येतो आणि तक्त्यात तो दिवस यशस्वी.

आणि एका चुकलेल्या दिवसाची किंमत एक दिवस नसते. ऑपरेशनसाठी घेतलेला भूलतज्ज्ञाचा फिटनेस काही दिवसांपुरता चालतो. तारीख हुकली की रक्त, ईसीजी, फिटनेस पुन्हा. प्रत्येक तपासणीला पुन्हा पार्टी. एक पार्टी न देऊन मुख्यालयानं जी माणसं वाचवली, त्याच्या दुप्पट-तिप्पट पुढे लागतात, आणि तोवर हर्निया अडकला तर रात्री तातडीची पार्टी द्यावीच लागते.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आल्यापासून रिमांडच्या तारखा पडद्यावर होतात. हा बदल चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. त्यातून सुटलेले पोलीस दवाखान्याकडे वळायला हवे होते. तक्ता बघता ते कुठे वळले, ते गृह विभागानंच सांगावं. सोनोग्राफी पडद्यावरून होत नाही. आणि यातले बरेच जण अजून दोषी ठरलेलेही नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या शंभर कैद्यांतले ७५ हून अधिक न्यायाधीन आहेत. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची अधिकृत क्षमता बरीच वर्षं ८०४ होती आणि तिथे वर्षानुवर्षं त्याच्या कित्येक पट माणसं असतात. अशा गर्दीत सर्जरीच्या एका वारासाठी रांगेत किती जण असतील, हे मोजायला सरकारकडे आज रकाना नाही.

ज्याच्यामुळे हे सुरू झालं तो बंदी मधल्या काळात जामिनावर सुटला. ऑपरेशन त्यानं बाहेर करून घेतल्याचं बायकोनं कळवलं. तुरुंगाच्या दृष्टीनं ते प्रकरण सुटकेच्या नोंदीनं बंद झालं.

या अधिवेशनासाठीच्या मसुद्यात आम्ही संख्या मागितलीच नाही. मागितलंय ते असं: रुग्णालयानं दिलेली तारीख, बंद्याचा क्रमांक, पार्टी किती वाजता पोचली, तपासणी झाली की नाही, न झाल्यास पुढची तारीख, असं पाच रकान्यांचं रजिस्टर प्रत्येक कारागृहात ठेवण्याचे आदेश शासन देणार आहे काय, आणि असल्यास केव्हा. गृह विभागाचं म्हणणं, रुग्णालयाच्या तारखा वैद्यकीय शिक्षण विभागाचा विषय, प्रश्न तिकडे हस्तांतरित करावा. वैद्यकीय शिक्षण विभागाचं म्हणणं, कारागृहातलं रजिस्टर आमच्या अखत्यारीत येत नाही. ताईंनी दोन्ही मंत्र्यांना एकाच मजकुराचं पत्र दिलं आहे: उत्तर कोण देणार ते तुम्ही दोघांनी ठरवा, प्रश्न आम्ही मागे घेणार नाही.