स्नूकरच्या नोंदीतला ९१४ हा आकडा

आमच्या कोशातल्या स्नूकरच्या नोंदीत एक वाक्य होतं: गुलाबी बॉलचा स्पॉट वरच्या कुशनपासून ९१४ मिलिमीटरवर असतो. (स्पॉट म्हणजे बॉल ठेवायची ठरलेली खूण, वरचं कुशन म्हणजे काळ्या बॉलच्या टोकाकडची रबरी कड.) शेजारी संदर्भक्रमांक होता. संदर्भ काढून पाहिला, तिथेही ९१४च. आमच्या रिवाजाप्रमाणे काम इथे संपतं. वाक्य आणि संदर्भ जुळले की समासात बरोबरची खूण करायची आणि पुढच्या वाक्याकडे जायचं. या रिवाजाबद्दल माझी तक्रार जुनी आहे आणि या नोंदीने ती पक्की केली. संदर्भ जुळला याचा अर्थ एवढाच, की आपल्या लेखकाने नक्कल नीट उतरवली.

९१४ खटकण्याचं कारण साधं. स्नूकरच्या नियमांत पिंकचं अंतर आकड्यात दिलेलंच नसतं. टेबलाच्या बरोबर मधला स्पॉट ब्लूचा, आणि ब्लू व वरचं कुशन यांच्या मधोमध पिंक, एवढंच नियम सांगतो. म्हणजे खेळण्याच्या जागेच्या लांबीचा चौथा हिस्सा. ९१४ ला चारने गुणलं की जवळजवळ ३६५८ येतात, म्हणजे १२ फूट. पण त्याच नोंदीच्या पहिल्या परिच्छेदात टेबलाची लांबी ११ फूट ८½ इंच, म्हणजे ३५६९ मिलिमीटर अशी अगदी अचूक दिली होती. तिचा चौथा हिस्सा ८९२. एकाच पानावर दोन वेगळी टेबलं मांडलेली, दोन्हींना संदर्भ, आणि दोन वाचन करणाऱ्यांपैकी कोणालाही ती दिसली नाहीत, कारण दोघांनीही वाक्यं एकेकटी तपासली.

‘बारा बाय सहा’ हे टेबलाचं बाजारातलं नाव आहे. दुकानदार, क्लब, खेळाडू सगळे तेच म्हणतात आणि त्यात काही वावगं नाही. खेळाची जागा मात्र एका कुशनच्या रबराच्या नाकापासून समोरच्या कुशनच्या नाकापर्यंत मोजतात: ३५६९ बाय १७७८ मिलिमीटर, दोन्ही मापांत १३ मिलिमीटर इकडेतिकडे चालतं.

गणित कागदावर सुटलं होतं, तरी मी पोलादी टेप घेऊन घोडबंदर रोडवरच्या एका पार्लरमध्ये गेलो, कारण नोंदीतली आकृतीही संशयास्पद होती आणि आकृती कागदावर तपासण्यापेक्षा टेबलाच्या कडेला उभं राहून लवकर तपासता येते. सकाळी पार्लर उघडायच्या आधी मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारे कर्मचारी, टेबलं तयार करत असतात, ती वेळ निवडली. तिथले मार्कर वयाने मोठे. टेप लाकडी पट्टीला टेकवताच म्हणाले, “रबरापासून धरा. लाकूड मोजून काय मिळणार?” आमच्या संदर्भग्रंथांपैकी एकानेही हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं नाही. पिंकचा स्पॉट ८९ सेंटिमीटरच्या किंचित पुढे भरला.

आकृतीत तीन चुका निघाल्या. पहिली, ‘डी’चं, म्हणजे सुरुवातीला पांढरा बॉल ज्यात ठेवतात ते अर्धवर्तुळ टेबलाच्या मध्याकडे फुगलेलं दाखवलं होतं. ते बॉल्क लाईनच्या, म्हणजे खालच्या टोकाकडच्या आडव्या रेघेच्या मागे, खालच्या कुशनच्या दिशेने असतं. दुसरी, पिवळा आणि हिरवा यांची अदलाबदल. बॉल्ककडून ब्लॅककडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे हिरवा, मध्ये तपकिरी, उजवीकडे पिवळा. आकृतिकाराने पानाच्या मांडणीसाठी चित्र आडवं उलटवलं होतं. मांडणी करणारे हे सर्रास करतात आणि नकाशा किंवा खेळाचं मैदान उलटवलं की ते खोटं होतं, हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. तिसरी चूक मला सगळ्यात शिकवून गेली. ‘डी’ची त्रिज्या २९ इंच लिहिली होती. खरी त्रिज्या ११½ इंच, म्हणजे २९.२ सेंटिमीटर. आणि बॉल्क लाईन खालच्या कुशनपासून २९ इंचांवर. एक २९ इंचांतला, दुसरा २९ सेंटिमीटरमधला, आणि कोणीतरी कुठेतरी एकक बदलताना दोन्ही एक केले. त्रिज्या २९ इंच धरली तर अर्धवर्तुळ थेट खालच्या कुशनला जाऊन भिडेल आणि ७० इंच रुंदीतली ५८ इंच खाऊन टाकेल. जेमतेम एक मिनिट टेबलाकडे पाहिलं असतं तरी हे लिहिता आलं नसतं. ब्लॅकचा स्पॉट वरच्या कुशनपासून १२¾ इंच, ३२४ मिलिमीटर. तो आकडा नोंदीत बरोबर होता.

पॉकेटच्या, म्हणजे बॉल पडायच्या खळग्यांच्या, तोंडाची रुंदीही नोंदीत इंचांत दिली होती. ती काढून टाकली. नियमात पॉकेटसाठी आकडा नाही, मान्यताप्राप्त टेम्प्लेट आहेत. पॉकेटचा कोन, आतला उतार, रबराची काटछाट हे सगळं त्या साच्याला जुळावं लागतं. तोंड तेवढंच ठेवून आतली काट बदलली तरी टेबल ‘घट्ट’ किंवा ‘ढिलं’ होतं, हे कोणताही खेळाडू सांगेल. तिथे एक आकडा देणं म्हणजे वाचकाला नसलेली खात्री विकणं.

रेड बॉलचा त्रिकोण ‘पिंकला टेकवून समोर’ लावतात, असं एक वाक्य होतं. त्रिकोण पिंक आणि ब्लॅकच्या मध्ये असतो आणि टोकाचा रेड पिंकच्या शक्य तितका जवळ पण न टेकता. मार्करनी चौकट हलवून दाखवलं: आधी पिंक स्पॉटवर, मग रेड मागून पुढे सरकवत आणायचे, अंगठ्यांनी दाबून घट्ट करायचे आणि चौकट सरळ वर उचलायची. चौकट उचलताना ती जरा जरी तिरकी गेली की मागच्या रांगेत फट पडते आणि पहिल्या फोडणीला बॉल भलतीकडे जातात.

मग कापड. नोंदीत होतं, ‘कापड इस्त्री करून गुळगुळीत ठेवतात.’ खोटं नाही, पण अर्धं. लोकरीच्या या कापडाला लव असते आणि ती बॉल्ककडून ब्लॅककडे झोपलेली असते. ब्रश त्याच दिशेने, इस्त्रीही त्याच दिशेने, कोमट, कुठेही न थांबता. उलटा हात फिरला की लव उभी राहते. हळू सोडलेला बॉल लवेच्या दिशेला, म्हणजे ब्लॅकच्या बाजूला ओढला जातो. मधल्या पॉकेटवर संथ फटका मारणारा नेमकी एवढी तजवीज करून मारतो. ठाण्याच्या पावसाळ्यात त्यात दमटपणाची भर: कापड ओल धरतं, बॉल आखूड पडतो, कुशन मंद उसळतं. व्यावसायिक स्पर्धांत स्लेटच्या खाली हीटर असतात ते याचसाठी. हे सगळं मी दोन वाक्यांत बसवलं. संपादनात जी वाक्यं सहज कापली जातात, त्यांपैकी ही आहेत, म्हणून त्यांच्यासाठी भांडलो.

नियमांचा भाग लवकर झाला, पण तिथल्या चुका वाचकाच्या खेळात उतरतात. फाऊलचे गुण ‘वजा होतात’ असं लिहिलं होतं. ते प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतात. किमान ४. ज्या बॉलवर खेळायचं होतं किंवा ज्याला चुकून लागलं, त्यांपैकी कोणाची किंमत ४ पेक्षा जास्त असेल तर तेवढे, कमाल ७. रेड मारायची पाळी असताना काहीच लागलं नाही तर ४, आधी ब्लू लागला तर ५. ‘१४७ हा शक्य असलेला सर्वोच्च ब्रेक’ हे वाक्य तर सगळीकडे आहे. ब्रेक म्हणजे एका पाळीत सलग मिळवलेले गुण. १५ रेड, प्रत्येकासोबत ब्लॅक (१ आणि ७), म्हणजे १२०, आणि शेवटच्या सहा रंगांचे २७. ही बेरीज बरोबर आहे. पण एकही रेड जाण्याआधी प्रतिस्पर्ध्याने फाऊल करून समोरच्याला रेडकडे सरळ वाट न ठेवता अडकवलं, तर फ्री बॉल मिळतो, म्हणजे दुसरा कोणताही बॉल रेड मानून खेळता येतो. तो रेड धरून १, त्यावर ब्लॅकचे ७, आणि पुढे पूर्ण १४७. एकूण १५५. ही नुसती कागदावरची शक्यताही नाही: जेमी बर्नेटने २००४ मध्ये यूके चॅम्पियनशिपच्या पात्रता फेरीत १४८ चा ब्रेक केला. तेव्हा वाक्य असं झालं: फ्री बॉलशिवाय सर्वोच्च ब्रेक १४७. दोन शब्दांची भर घालून खोटं वाक्य खरं झालं.

भारतीय खेळाडूंच्या परिच्छेदात विल्सन जोन्स ‘स्नूकरचे पहिले भारतीय विश्वविजेते’ होते. पुण्यात जन्मलेल्या जोन्स यांचं १९५८ चं जागतिक विजेतेपद बिलियर्ड्सचं, हौशी गटातलं. स्नूकरचं हौशी विश्वविजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ओम अग्रवाल, १९८४, डब्लिन. २००३ मध्ये पंकज अडवाणी. ही आयबीएसएफ या आंतरराष्ट्रीय बिलियर्ड्स-स्नूकर महासंघाची हौशी स्पर्धा आणि शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये १९७७ पासून होणारी व्यावसायिक जागतिक स्पर्धा या दोन स्वतंत्र गोष्टी. नोंदीत दोन्हींचे विजेते एकाच यादीत, व्यावसायिक स्पर्धेचे जो डेव्हिस आणि अडवाणी एकाखाली एक. आपल्या क्रीडापानांनी ‘विश्वविजेता’ हा शब्द कुठल्या स्पर्धेचा ते न सांगता इतकी वर्षं वापरला, त्याचं हे फळ. अडवाणींच्या कामगिरीला असल्या सरमिसळीची काही गरज नाही. आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि डिंग जुनहुईकडून ०-५ हरला. रँकिंग स्पर्धेच्या, म्हणजे व्यावसायिकांचं मानांकन ठरवणाऱ्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीतला तो पहिला भारतीय. हे नोंदीत नव्हतंच, ते घातलं.

इथपर्यंत काम समाधानाचं होतं. टेप, बेरीज, तारखा यांनी सगळं सुटत गेलं. ज्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसलो ते निराळं आहे: ‘स्नूकरचा शोध १८७५ साली जबलपूर येथे नेव्हिल चेंबरलेन यांनी लावला.’

पहिला गोंधळ नावाचा. नोंदीतल्या नावाची जोड थेट ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या नोंदीला दिलेली होती. पंतप्रधान चेंबरलेन जन्मले १८६९ मध्ये, १८७५ ला ते सहा वर्षांचे. स्नूकरचे चेंबरलेन म्हणजे नेव्हिल फ्रान्सिस फिट्झजेरल्ड चेंबरलेन, जन्म १८५६, तेव्हा डेव्हनशायर रेजिमेंटचे तरुण लेफ्टनंट. हे दुरुस्त झालं.

राहिला मूळ दावा. जबलपूरच्या मेसमध्ये पावसाळ्यात बिलियर्ड्सच्या टेबलावर ब्लॅक पूल हा जुना खेळ खेळताना रंगीत बॉलची भर पडत गेली आणि नवा खेळ तयार झाला, ही हकिगत कुठून आली ते मागे मागे शोधत गेलो. पुस्तकामागे पुस्तक, लेखामागे लेख, आणि सगळ्यांच्या बुडाशी एकच झरा: १९३८ साली ‘द फील्ड’ या नियतकालिकात खुद्द चेंबरलेन यांनी लिहिलेलं पत्र, आणि त्यावर आधारित १९३९ चा कॉम्प्टन मॅकेन्झी यांचा लेख. घटनेनंतर तब्बल ६३ वर्षांनी सांगितलेली, सांगणाऱ्याच्या स्वतःच्या श्रेयाची आठवण. उटीच्या क्लबात १८८२ च्या सुमारास नियम लावले गेले, १८८५ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे विजेते जॉन रॉबर्ट्स धाकटे चेंबरलेन यांना भेटले आणि खेळ इंग्लंडला गेला, हे दुवेही त्याच कथनातून येतात. त्यावर नोंद म्हणते की २२ बॉलचा आजचा खेळ १८७५ लाच तयार झाला. प्रत्यक्षात त्याच परंपरेत निळा आणि तपकिरी नंतर आले असं सांगितलं जातं. खेळाचे नियम इंग्लंडच्या बिलियर्ड्स असोसिएशनने मान्य केले १९०० मध्ये. तो कागद आहे. मेसमधल्या त्या दिवसाचा कागद नाही.

आमच्या संपादक बाई नेमकेपणाच्या कट्टर आहेत, आणि तरीही या वाक्यावर त्या माझ्याशी सहमत झाल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, चेंबरलेन खोटं बोलले असं मानायला काही आधार नाही, त्यांच्या काळच्या इतर वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दुजोरा दिला होता, आणि दुसरा दावेदार उभा राहत नाही. हे सगळं खरं आहे. माझं म्हणणं, मी दावा नाकारत नाही, त्याच्या शेजारी साक्षीदाराचं नाव लिहा म्हणतोय. रॉनी ओसुलिव्हन या व्यावसायिक खेळाडूच्या १९९७ च्या १४७ च्या ब्रेकचं उदाहरण मी पुढे केलं. त्याला लागलेला वेळ म्हणून वीस वर्षं सगळीकडे ५ मिनिटं २० सेकंद छापलं जात होतं. मग चित्रफीत पुन्हा मोजली, घड्याळ लवकर सुरू झालं होतं हे कळलं, आणि आता ५ मिनिटं ८ सेकंद मानतात. तिथे चित्रफीत होती म्हणून बारा सेकंद सापडले. जबलपूरसाठी परत मोजायला काही नाही, म्हणून वाक्यानेच ते सांगितलं पाहिजे.

मजकुरात शेवटी माझं वाक्य राहिलं: ‘चेंबरलेन यांनी १९३८ साली लिहिल्यानुसार, १८७५ मध्ये मध्य प्रांतातील जबलपूर येथे लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये या खेळाची सुरुवात झाली.’ पण नोंदीच्या वर माहितीची चौकट असते आणि तिच्यात ‘उगम’ नावाची एक ओळ. तिथे ‘यांच्या म्हणण्यानुसार’ मावत नाही. मी ‘ब्रिटिश भारत, १९व्या शतकाचा उत्तरार्ध’ असं सुचवलं. बाईंनी ‘जबलपूर, १८७५’ परत घातलं. त्यांचा मुद्दा असा की स्पर्धा परीक्षेची मुलं फक्त चौकट वाचतात, आपण मोघम लिहिलं तर ती दुसऱ्या, आपल्याहून वाईट स्रोताकडे जातील आणि तिथे चेंबरलेन पुन्हा पंतप्रधान झालेले असतील. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी चौकटीत ‘जबलपूर, १८७५ (परंपरेनुसार)’ इतकं लिहून प्रूफ परत पाठवलं आहे. कंस ठेवायचा की नाही यावर अजून निरोप आलेला नाही, आणि आला तरी मी त्यावर पुन्हा बोलणार आहे.