सालीचा मासा

शेपटी तुटली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

समोर बसलेल्या आजोबांनी मान वर न करता पायाशी ठेवलेल्या टोपलीत हात घातला आणि सालीचा नवा तुकडा माझ्याकडे सरकवला. टोपलीत अजून पंधरा-वीस तरी तुकडे होते. पाहुणा किती तोडणार याचा हिशेब त्यांनी आदल्या रात्रीच करून ठेवला असावा.

फिनलंडला निघालो तेव्हा पुण्यात ज्याला सांगावं तो एकच विचारायचा, "नॉर्दर्न लाइट्स बघणार ना?" ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिथे रात्रच धड होत नाही, दिवे कुठले दिसायला! मी निघालो होतो त्याचं कारण देवगडला मामाच्या गरीच्या डब्यात होतं. त्या डब्यात गळ, शिसं, तंगुसाच्या रिळी आणि या सगळ्यांत एक रुपेरी पोटाचा, काळ्या पाठीचा, बोटभर लांब नकली मासा. मुंबईहून कुणीतरी आणून दिलेला. आम्हा पोरांना हात लावायची बंदी. मामा त्याला 'रपाला' म्हणायचा आणि आम्हाला ते माशाच्या जातीचं नाव वाटायचं, बांगडा, पेडवा, तसा रपाला.

तो रपाला म्हणजे लाउरी रापाला नावाच्या फिनिश कोळ्याचं आडनाव, हे कळायला मला कॉलेज गाठावं लागलं. आणि त्याने युद्धाच्या दिवसांत हे मासे चक्क पाइनच्या सालीतून कोरले होते, हे तर फारच उशिरा समजलं. मावसबहीण हेलसिंकीशेजारच्या एस्पोला राहते. तिच्या शेजारणीचे वडील अजूनही तसे मासे करतात असं तिने फोनवर सहज सांगितलं आणि मी तिकिटं बघायला लागलो.

हेलसिंकीहून लाहती तासाभराची रेल्वे. तिथे शेजारीण गाडी घेऊन आली होती. पंचवीसेक किलोमीटरवर व्हॅक्स्यू. इथे १८७१ सालचा कालवा आहे, खालचं पॅइयॅन्ने सरोवर आणि वरचं वेसियार्वी यांना जोडणारा. होड्या दाराआड उभ्या राहतात, पाणी चढतं, दार उघडतं. काठावर आइस्क्रीम खात लोक हे तासन् तास बघतात. आम्हीही बघितलं, आइस्क्रीमही खाल्लं. पुढे पॅइयॅन्ने. हजार चौरस किलोमीटरहून मोठं सरोवर, फिनलंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं. हेलसिंकी-एस्पोच्या नळाला येणारं पाणी याच सरोवरातून, खडकात खोदलेल्या १२० किलोमीटरच्या बोगद्यातून जातं. म्हणजे बहिणीच्या घरी तीन दिवस मी हेच सरोवर पीत होतो.

आजोबांचं 'म्योक्की', म्हणजे उन्हाळ्यात राहायचं लाकडी घर, काल्क्किनेनच्या बाजूला. रापाला याच भागातला. १९०५ साली पलीकडच्या सूस्मॅला जन्मलेला, आसिक्कालात वाढलेला, हिवाळ्यात लाकूडतोड आणि उन्हाळ्यात मासेमारी करून पोट भरणारा गरीब माणूस. तिथे ऐंशीच्या घरातल्या माणसालाही सगळे नावानेच हाक मारतात. माझी जीभ काही रेटेना. मी 'आजोबा' म्हणायला लागलो. लेकीने अर्थ सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. मंजुरी मिळाली असं मी धरून चाललो.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला फिनिश. लेक मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायची, पण तासाभराने ती ब्लूबेरी तोडायला रानात निघून गेली. राहिला एकच शब्द. 'हितास्ती.' सावकाश. दिवसभरात मी तो पन्नास वेळा तरी ऐकला असेल.

आता साल. जिवंत झाडाला हात लावायचा नाही. तिकडे कुणाच्याही रानात फिरायला, बेरी तोडायला मोकळीक आहे, पण झाडाची साल काढायची तर जमिनीच्या मालकाची परवानगी लागते. आजोबांची साल शेजाऱ्याच्या रानात पाडलेल्या जुन्या पाइनची, बुंध्याजवळची. तिथे ती चांगली जाड होते. दोन वर्षं छपराखाली वाळवलेली. हातात घेतली तर वजनच नाही, आपल्याकडच्या बाशिंगाच्या भेंडासारखी. पण भेंड पांढरं आणि एकजीव. ही तांबूस, आणि पापुद्र्यांवर पापुद्रे. दोन पापुद्र्यांच्या मध्ये फिकट रेघ दिसते. सगळी मेख त्या रेघेत. सुरीचं पातं रेघेत शिरलं की ती तुम्हाला विचारत नाही, टचकन ढलपा उडतो. माझ्या तिन्ही शेपट्या अशाच गेल्या.

चौथ्या वेळी आजोबांनी माझा तुकडा उलटा केला, नखाने रेघा दाखवल्या आणि त्या माशाच्या पाठीपासून पोटाकडे उभ्या न जाता डोक्यापासून शेपटीकडे आडव्या येतील असा धरायला लावला. मग सुरी. तिला 'पूक्को' म्हणतात, आखूड पात्याची, बर्चच्या मुठीची. ती ढकलायची नसते. सुरीचा हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पात्याची पाठ रेटायची. पोह्यासारखे कपचे पडायला लागले. वर पॉलिश पेपर मारला तर गेरूसारखी लाल पूड. दुपारी चहाचा कप धरला तेव्हा माझी बोटं मारुतीला शेंदूर लावून आल्यासारखी दिसत होती.

नऊ सेंटिमीटरचा मासा तयार झाला. खरं सांगायचं तर तो माशापेक्षा शेंगेसारखा जास्त दिसत होता. आजोबांना त्याचं काही वाटलं नाही. दिसण्याबद्दल ते दिवसभरात एक अक्षर बोलले नाहीत.

पोटाला बारीक करवतीने लांब चीर पाडली. त्यात स्टीलची तार बसवायची, तीन ठिकाणी कडी काढलेली. नाकाशी तंगूस बांधायला एक, पोटाखाली आणि शेपटीला गळांसाठी दोन. तार एकसंध का? तर मोठा मासा लागला की सगळा ओढा तारेवर यावा. साल त्या ओढीपुढे टिकत नाही, ती फक्त अंग आहे. पोटात पुढच्या बाजूला शिशाची गोळी. वरून गोंद. तोंडाखाली तिरकी खाच पाडून पारदर्शक प्लॅस्टिकची जीभ. ही जीभ पाणी कापते आणि माशाला खाली नेते, आणि तिच्याचमुळे तो डावी-उजवीकडे हलतो.

कातडं म्हणून चॉकलेटचा चंदेरी कागद. ही रापालाचीच युक्ती. १९३६ साली त्याने पहिला मासा बुचातून कोरला तेव्हा वरून असाच कागद गुंडाळला आणि लाखेऐवजी फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला, असं सांगतात. विकतचे मासे परवडत नव्हते आणि घरात खाणारी तोंडं वाढत होती. पुढे युद्धात बूच मिळेना, तेव्हा साल. साल काय, दाराबाहेर पडली की हाताशी. नंतर कारखान्यात बाल्सा लाकूड आलं आणि साल मागे पडली ती आजोबांसारख्यांच्या छपरांखाली. आजोबांनी कागद कानशीवर ठेवून अंगठ्याने दाबला. उचलला तर अंगभर खवले! मला हे इतकं आवडलं की मी चॉकलेटची आख्खी वडी खाऊन अजून दोन कागद दाबून बघितले.

लाखेचे तीन हात, दर हाताला रात्रभर वाळवण. मधले दोन दिवस पाऊस, सावना म्हणजे तिकडची वाफेची अंघोळ, भाकरी-मासा आणि डास. सावनाबद्दल मराठीत पुरेसं लिहून झालंय, मी भर घालत नाही.

त्या रिकाम्या वेळात लेकीने आंत्रेआच्या जाळ्याचे फोटो दाखवले. १९१३ साली, आता रशियात असलेल्या आंत्रेआ गावात एका शेतकऱ्याला चर खणताना सापडलेलं जाळं. विलोच्या अंतर्सालीच्या दोऱ्याचं, आणि त्याला तरंगायला बांधलेले पाइनच्या सालीचे तुकडे. दहा हजार वर्षांपूर्वीचं. ते हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं, पण मी गेलो तेव्हा संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद होतं, त्यामुळे फोटोवर भागवलं. फोटोतला एक तुकडा आणि माझी पहिल्या दिवशीची तुटकी शेपटी शेजारी ठेवली असती तर कुठला कुणाचा ते सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी धक्क्यावर परीक्षा. आजोबांनी त्यांचा मासा काठीला बांधून पाण्यातून हळू ओढला. तो जिवंत झाला. पण मला वाटलं होतं तसा नाही. मी ऐटीत पोहणाऱ्या माशाची वाट बघत होतो. हा लंगडत होता. जरा पुढे जायचा, अंग टाकायचा, सावरायचा, परत झुकायचा. कुणीतरी चावून सोडल्यासारखा. लेकीने सांगितलं, रापाला होडीतून तासन् तास हेच बघत बसायचा. मोठा मासा मुइक्कू नावाच्या छोट्या माशांच्या थव्यात शिरला की सगळ्यांना सोडून बरोबर त्या एकाला गाठतो, ज्याची चाल बिघडलेली असते. म्हणजे मी दोन दिवस जी सफाई करायला बघत होतो तिचा उपयोग इतकाच, की बिघाड नेमका आणि नेहमी तसाच व्हावा.

माझ्या शेंगेने पाण्यात शिरल्याबरोबर कूस बदलली आणि पंख्यासारखी गरगरायला लागली. आजोबा पहिल्यांदा हसले. पोटाला अजून एक शिशाची गोळी लागली. गरगर थांबली, पण आता ती डावीकडे पळायला लागली, काठाकडे, गुराने गोठ्याकडे वळावं तशी. त्यांनी पकड घेतली, नाकाची कडी उजवीकडे वळवली. किती? बघून कळणार नाही इतकी. परत ओढलं. डावीकडे. अजून केसभर. मग सरळ, आणि लंगडत.

"हितास्ती," ते म्हणाले. या वेळी ते शाबासकीसारखं वाटलं, पण खरं तर ते मला ओढण्याचा वेग सांगत होते.

संध्याकाळी होडी. किड्याचा साधा गळ टाकायला तिकडे काही लागत नाही, पण असा नकली मासा ओढायचा तर सरकारी मत्स्यशुल्क भरावं लागतं. मी भरलं होतं. आजोबांना वयामुळे माफ. वल्ही माझ्या हातात, मागे दोन तंगूस, एकावर त्यांचा मासा, एकावर माझा. साडेनऊ वाजले तरी पाणी चकाकत होतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांनी नुसता हात वर केला. देवगडच्या खाडीत मामा हेच म्हणायचा, "गप बस, मासो पळतलो."

माझ्या तंगुसाला दोनदा गवत लागलं. त्यांच्या तंगुसाला हाउकी, सुसरीसारख्या चपट्या तोंडाचा, हातभर लांब. होडीत घेतल्यावर त्यांनी आधी मासा नाही, वाप्पू तपासला. वाप्पू म्हणजे हा सालीचा मासा. कागद फाटून दातांची रांग उमटली होती, लाल साल उघडी पडली होती. घरी त्यांच्या डब्यात असे तीसेक आहेत, चावून चावून चाळणीसारखे झालेले, लाखेचा हात देऊन परत वापरलेले. न चावलेले सावनाच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगलेले असतात. माझा तिथे टांगावा लागतो की काय अशी धास्ती होती, पण निघताना त्यांनी गळ काढून तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. हाउकी राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळला. चव छान, काटे मात्र भिंगीची आठवण करून देणारे.

दिवाळीत देवगडला गेलो. मामा आता बहात्तरचा. त्याने पुडी सोडली, वाप्पू उलटासुलटा केला, नाकाला लावला. "साल? झाडाची?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता आतून दोन गळ घेऊन आला. खाडीवर तांबोशीची वेळ होती. जेटीच्या पायरीवर बसून त्याने तंगूस बांधली, चार हात पाण्यातून ओढून बघितलं, डोळे बारीक केले, परत एकदा ओढलं.

"वांयच डावीकडे वढता," तो म्हणाला. "पकड हाड."