वयाचं आहे म्हणे

मंगळवार, रात्री

दाजी बोलले ते काही वाईट मनानं नाही. अॅम्बेसेडर दारात उभी, इंजिन तापलेलं, आणि पायाखाली पेडल नसताना रेस चढलेली. "वय झालं तिचं, आता एवढं चालायचंच," म्हणाले, चहा संपवला आणि वाढे फाट्याकडे निघून गेले. मला मात्र ते वाक्य अजून खुपतंय.

वय झालं की माणूस दमतो, मंदावतो. इंजिन उलट जोरात का फिरेल? १४८९ सीसीचं हे बी-सिरीज इंजिन गरम झाल्यावर मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर निवांत गुरगुरायला हवं. मीटर १३०० च्या वर दाखवतोय. जादा फेऱ्यांना जादा हवा लागते, नाहीतर ठिणगी तरी वेळेआधी पडत असते. शोध या दोनच दिशांना घ्यायचा. वय हे काही कारण नव्हे, हात झटकायची ती सोय आहे. माझ्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरही 'वय झालं' असंच म्हणाले होते. असो.

स्लो, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, जास्त असणं ही नुसती आवाजाची तक्रार नाही. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, त्यामुळे साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर थांबून पुन्हा निघताना गिअर खरखरतो. यवतेश्वरचा घाट उतरताना इंजिनचा ब्रेक लागत नाही, गाडी आपल्याच जोरानं पुढे ढकलते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चावी काढल्यावरही इंजिन दोन-चार गचके खाऊन मग बंद पडतं.

यावर सर्वत्र मिळणारा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरवरचा स्लोचा स्क्रू मागे फिरवणं. तेवढ्यानं भागलं नाही तर डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटून देणारा भाग) जरा फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेणं. आवाज खाली येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण टायमिंग मागे पडलं की चढाला ओढ राहत नाही आणि इंजिन तापतं. ताप आलेल्या पोराला दटावून झोपवण्यातला हा प्रकार.

आधी सोप्या गोष्टी. पेडलकडून येणारा दुवा कार्ब्युरेटरपाशी, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागापाशी, सोडवायचा. त्यानं फेऱ्या उतरल्या तर दोष पेडलचा, रिटर्न स्प्रिंगचा नाहीतर पायाखालच्या जाजमाचा. मग चोक. या गाडीवर एसयू कार्ब्युरेटर आहे. त्यात चोक ओढला की जेट (पेट्रोल येण्याची नळी) खाली सरकतो आणि कॅम फास्ट-आयडल स्क्रूला (गार इंजिनचा वेग वाढवणाऱ्या स्क्रूला) उचलतो. चोक पूर्ण आत असताना त्या स्क्रू आणि कॅममध्ये साधारण ०.४ मिमी फट हवी, फिलर गेज सैलसर जाईल एवढी. केबल ताणलेली असली की फट मिटते आणि थ्रॉटल (हवेची वाट उघडमीट करणारी चकती) कायम किंचित उघडा राहतो. इथे फट बरोबर आहे.

आता खरी परीक्षा. थ्रॉटल स्टॉप स्क्रू (तोच स्लोचा) आणि फास्ट-आयडल स्क्रू दोन्ही पूर्ण मागे घ्यायचे. थ्रॉटलची चकती नीट मिटत असेल तर इंजिन बंद पडलंच पाहिजे. पडलं नाही. म्हणजे स्क्रूशी कितीही खेळा, हवा दुसऱ्या वाटेनं येतेय. दिवसभरात बरं वाटलं ते एवढंच.

ती वाट शोधायला पेट्रोल किंवा पेट घेणारा स्प्रे मारू नये. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारे आणि धूर बाहेर नेणारे पाइप) एकाच बाजूला असतात, भडका उडायला वेळ लागत नाही. फवाऱ्याच्या बाटलीतलं पाणी बरं, तेही बारीक आणि नेमक्या सांध्यावर; जिथून हवा शिरते तिथे पाणी पडलं की फेऱ्या बदलतात. तापलेल्या बिडावर गार पाण्याची धार सोडली तर तडा जातो. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर मारलं, फरक नाही. कार्ब्युरेटरच्या बुडाशी जाड इन्सुलेटर आणि त्याच्या दोन्ही अंगांना कागदी पॅकिंग असतं, तिथेही नाही. (नट फार आवळले की फ्लँजचे कान वाकतात. स्टीलची पट्टी आडवी धरून फट दिसली तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासायचं.) थ्रॉटल स्पिंडलच्या (चकती जिच्यावर फिरते त्या दांडीच्या) टोकाला पाणी लागलं आणि फेऱ्या एकदम बदलल्या. स्पिंडल बोटानं वरखाली हलवला तर चक्क हलतो.

झिजलाय. इतकी वर्षं पायाखाली फिरून फिरून भोक लांबट झालंय. म्हणजे वयच. दाजींना फोन करावा का? नकोच, वर्षभर पुरवून पुरवून सांगतील.

पण नुसत्या वयानं १३०० होत नाही. झिजलेल्या भोकातून हवा शिरते तेव्हा मिश्रण पातळ होतं आणि इंजिन अडखळतं. ते अडखळणं झाकायला कधीतरी कुणीतरी जेटचा नट खाली फिरवून पेट्रोल वाढवलं. जादा हवा, वर जादा पेट्रोल, म्हणून रेस. झीज वयाची, बाकी करणी माणसांची. एवढं कळल्यावर का कोण जाणे, राग उतरला.

टायमिंगच्या बाजूनंही खात्री केली. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर हातानं पिळून सोडला की स्वतःहून मागे आला पाहिजे. आला, म्हणजे आतल्या स्प्रिंगा शाबूत.

प्रिया स्कूटर ज्या साताऱ्यात बनायची तिथं जुना टर्नर मिळायला अडचण नाही. कार्ब्युरेटरच्या बॉडीत भोक मोठं करून पितळी बुश बसवायचे, दोन्ही बाजू एका रेषेत. चकती काढण्याआधी तिची दिशा खुणेनं आखून ठेवायची. तिच्या बारीक स्क्रूंची टोकं फाकवलेली असतात; ती घासल्याशिवाय फिरवली तर स्पिंडलचे आटे जातात. बसवताना स्क्रू नवेच घ्यायचे, आवळायच्या आधी थ्रॉटल खटाखट मिटवून चकतीला आपली जागा घेऊ द्यायची, मगच टोकं पुन्हा फाकवायची. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

मग सेटिंग नव्यानं. जेट वरपर्यंत नेऊन नट १२ पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली. स्टॉप स्क्रू टेकल्यापासून दीड फेरा आत. इंजिन गरम करून कार्ब्युरेटरमधला पिस्टन त्याच्या पिननं जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा: फेऱ्या वाढून तशाच राहिल्या तर पेट्रोल जास्त, इंजिन बसलं तर कमी, क्षणभर चढून स्थिरावल्या तर बरोबर. स्लो सगळ्यात शेवटी.

टर्नरला शनिवारपर्यंत सवड नाही. तोवर घाट बंद. गावात न्यायचीच झाली तर क्लच दाबून गिअरबॉक्स शांत होऊ द्यायचा, मग पहिला टाकायचा. पॅकिंगचा कागद आणि डॅशपॉटसाठी (कार्ब्युरेटरच्या पिस्टनवरच्या तेलाच्या नळीसाठी) २० नंबरचं तेल उद्याच आणून ठेवतो.