"झाडपाल्याचं औषध" आणि ग्राफवरचे चार शेंडे

परभणीच्या एका कॉलेजात मी वनस्पतींच्या अर्कावर पीएचडी करतोय. म्हणजे निंबोळी, सीताफळाच्या बिया, करंज, निरगुडी असलं काहीबाही वाटायचं, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा आणि तो लावलेला पाला अळ्यांपुढं टाकून त्या किती खातात, किती मरतात ते मोजत बसायचं. घरच्यांना अजून वाटतं पोरगं अळ्या पाळतंय, आणि ते काही खोटं नाही. घाटेअळ्या एका डब्यात ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी वाटी. सीताफळाची बी वाटताना गॉगल लागतोच, त्याची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. गावाकडं उवांसाठी ती पोरींच्या डोक्याला सर्रास लावतात, तेव्हा हे कुणी सांगत नाही.

तर हरभरा घाट्यात होता तेव्हाची गोष्ट. जिंतूरकडचे एक काका, आमच्या लॅबमधल्या पोराचे चुलते, पिशवीत बाटली घेऊन आले. "सर, तुम्ही शिकलेले लोक असलं का बनवत नाहीत? सकाळी मारलं की दुपारपर्यंत अळ्या टपाटपा खाली पडायल्यात बघा." बाटलीवर कडुलिंबाचं चित्र, 'शंभर टक्के हर्बल' वगैरे, पण विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण नाही, नोंदणी नंबर नाही. झाकण उघडलं तर निंबोळी तेलाचा भपकारा, आणि त्याच्या खाली अजून कसलातरी उग्र वास.

मला तिथंच खटकलं, कारण कडुलिंब असं मारतच नाही. त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन अळीचं खाणं बंद पाडतं आणि कात टाकायचं तिचं गणित बिघडवतं. १९५९ ला सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेत हेच आलं होतं, की टोळांनी सगळं फस्त केलं पण कडुलिंब सोडला. टोळ झाडाखाली मरून पडले असं नाही, त्यांनी ते खाल्लंच नाही. आमच्याकडं निंबोळी अर्काची अळी तीन-चार दिवस नुसती बसून राहते, बारीक होते, कात टाकायला जाते अन् जुनी कातडी डोक्याला तशीच अडकून मरते. शेतकऱ्याला हे दिसत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली की तो म्हणतो औषध बोगस.

काकांना चहा दिला आणि बाटलीतलं पातळ करून हरभऱ्याचा पाला बुडवला, पंख्याखाली वाळवला, एका बाजूला आमचा निंबोळी अर्क, एका बाजूला नुसतं पाणी. अळ्या सोडल्या. पाण्याच्या अन् निंबोळीच्या वाट्यांत काहीच घडलं नाही. बाटलीच्या वाट्यांत थोड्या वेळात अळ्या डोकं इकडून तिकडं आपटायला लागल्या, मग अंग पिळून उलट्या, तोंडातून हिरवं पाणी, पाय नुसते थरथरायलेत. आमची ज्युनिअर म्हणली, "सर, हे तर नर्व्ह पॉयझन दिसतंय." मीही तेच म्हणणार होतो.

तेवढ्यात काका सहज बोलून गेले, "एक हाय, हे मारलं की रात्रीपर्यंत तोंडाला मुंग्या येतात, उन्हात गेलं की आग होती." आता हे आम्ही पुस्तकात वाचलेलं, सायपरमेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइड गटातल्या रासायनिक कीटकनाशकाचा तोंडाला स्पर्श झाला की असंच होतं. विचारलं, तोंडाला काही बांधता का? "झाडपाल्याचं हाय म्हणल्यावर कशाला बांधायचं?" हातमोजे नाहीत, अंगात बनियन. आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेतातले डहाळे विकायला बाजारात! रासायनिक असतं तर लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते असतं, इथं कसलं आलंय. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारताना विषबाधेनं माणसं गेली ते आठवलं आणि मी त्यांना आधी हातपाय, तोंड साबणानं धुवायला लावलं.

नमुना मग दुसऱ्या लॅबला जीसीला, म्हणजे तापवून वाफ करून त्यातली रसायनं वेगळी ओळखायच्या तपासणीला पाठवला. (अ‍ॅझाडिरॅक्टिन जीसीत टिकत नाही, उष्णतेनं मोडतं, त्याच्यासाठी एचपीएलसी, म्हणजे न तापवता द्रवातच रसायनं वेगळी करणारं यंत्र लागतं, ते आमच्याकडं केलं, निघालं अगदी नावाला.) जीसीच्या ग्राफवर एक उंच शेंडा प्रोफेनोफॉस या रासायनिक कीटकनाशकाचा आणि पुढं चार बुटके शेंडे एकमेकांना खेटून. सायपरमेथ्रीनचं हे ओळखीचं लक्षण, त्याच्या आयसोमरच्या (अणू तेच, मांडणी वेगळी अशा रूपांच्या) जोड्या असतात म्हणून एकाच औषधाचे चार दिसतात. म्हणजे साधं कपाशीवरचं औषध, त्यात निंबोळी तेल वासापुरतं, आणि भाव हर्बलचा.

काकांना फोन केला तर ते चिडले ते दुकानदारावर नाही, माझ्यावर. "म्हणजे पडायल्या होत्या त्या अळ्या खोट्या होत्या का?" खोट्या कशा असतील, अळ्या खऱ्याच मेल्या, आता हे त्यांना कसं समजवायचं. शेवटी म्हणलं, वाळलेली निंबोळी पाच किलो कुटून रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, दोनशे ग्रॅम साबण घाला, शंभर लिटर पाणी करा अन् संध्याकाळी मारा, उन्हात त्याचा जोर जातो. अळी सुतासारखी बारीक असतानाच मारा, मोठी झाल्यावर काही उपयोग नाही. आणि अळी मेली का ते बघू नका, नवीन घाट्याला भोक पडलंय का तेवढं बघा.

"बघतो," म्हणाले. मग म्हणाले, "पण ती बाटली परत द्या सर, अर्धी शिल्लक हाय, पैसे गेलेत तिला." दिली नाही. ती सील करून, तक्रारीच्या अर्जासोबत कृषी खात्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडं गेलीय, पुढं काय होतंय ते बघू. काकांनी मात्र पुतण्याला सांगून ठेवलंय की ह्या लॅबवाल्याकडं काही न्यायचं असलं तर आधी अर्धं घरी काढून ठेवायचं.