बोटं दुखत नाहीत का?

प्रदर्शनात टेबलावर क्रोशानं विणलेली तोरणं, रुमाल, बाळाची टोपडी मांडून बसले की दिवसाकाठी आठ-दहा जणी तरी विचारतात, "अहो, बोटं नाही का दुखत तुमची?" बहुतेकींना उत्तर नको असतं. विचारता विचारता त्यांनी तोरण उलटून मागची चिठ्ठी वाचलेली असते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "काही कमी नाही का होणार?" पण एखादी खरंच थांबते. ती स्वतः विणणारी असते. आवाज जरा खाली आणते, आणि विचारताना तिचा उजवा अंगठा डाव्या हाताच्या मुठीत असतो. अशीच एक परवा भेटली, मागे गर्दी होती म्हणून नीट बोलता आलं नाही. तिनं विचारलं म्हणून आता तिला आणि तुम्हा सगळ्या विणणाऱ्यांना सविस्तर सांगते.

दुखतात. तीन वर्षांपूर्वी तर इतकी दुखली की सांडशीनं धरलेलं दुधाचं पातेलं हातातून सुटलं आणि लिटरभर दूध ओट्यावरून खाली गेलं.

लग्नसराईचे दिवस होते. रुखवताची मोठी ऑर्डर होती: दाराचं तोरण, ताटांवरचे बारा रुमाल आणि एक महिरप. सगळं पांढऱ्या सुती दोऱ्यात, १.२५ मिलिमीटरच्या पोलादी सुईनं. ज्यांनी फक्त लोकरीचं काम केलंय त्यांना यातला फरक चटकन कळत नाही. लोकर ताणली की ताणली जाते, थोडं तुमचं ऐकते. सुती दोरा ऐकत नाही. तो जेवढा आहे तेवढाच राहतो, आणि जी काही ताणाताण व्हायची ती बोटात होते. त्यात सुई काडीएवढी बारीक. जाड सुई हात सैल ठेवूनही धरता येते, बारीक सुई चिमटीत आवळावीच लागते. मी दिवसाला पाच-सहा तास ती आवळत होते, आणि शेवटच्या आठवड्यात रात्री एक-दीडपर्यंत.

आधी फक्त डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर दोऱ्याचा वळ पडायचा. तो वर्षानुवर्षं पडतोच आहे, तिथली कातडी आता चपलेच्या अंगठ्यासारखी झालीय. मग उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला ठणका सुरू झाला. किल्ली फिरवताना कळ. नळ बंद करताना कळ. बाम लावला, तिळाच्या तेलानं चोळलं, मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवून बसले. बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की मी पुन्हा सुई घ्यायची. हा माझा मूर्खपणा.

दूध सांडलं त्या दिवशी घरात सगळ्यांचं एकमत झालं. असं आमच्याकडे क्वचित होतं. "सोड ते विणकाम," अहो म्हणाले. "बास झालं ते," मुलगा म्हणाला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पण मान हलवली. त्याच हातांनी मी रोज वीस पोळ्यांची कणीक मळत होते, विळीवर नारळ खोवत होते, चादरी पिळत होते, पाच लिटरचा कुकर एका हातानं उतरवत होते. "कणीक मळणं सोड" असं कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नाही, हे आधी कबूल करते.

सांगलीत राहणाऱ्या माणसाला मिरजेच्या दवाखान्यात जायला फारसं निमित्त लागत नाही. गेले. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "काही नाही, घरीच असते." मग ओशाळून पुढे जोडलं, "थोडं विणकाम करते." त्यांनी लगेच लिहिलं: विणकाम बंद, पाच दिवस वेदनाशामक गोळ्या. घरात झाला होता तोच निकाल, फक्त कागदावर. आता वाटतं, मी खोटंच बोलले होते. खरं उत्तर असं होतं की दिवसातले दहा तास मी या हातांनी काही ना काही आवळत असते, आणि त्यातल्या फक्त पाच तासांचे मला पैसे मिळतात. पाच दिवस गोळ्या घेतल्या, विणलं नाही, कणीक मळली. सहाव्या दिवशी ठणका होता तिथेच.

दुसऱ्यांदा एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिनं अंगठा मुठीत घ्यायला लावला, वर बाकीची बोटं मिटवली आणि मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वाकवलं. मी किंचाळले. बाहेर बसलेल्या माणसानं दार लोटून आत पाहिलं, इतकी.

आजाराला एका स्विस सर्जनचं नाव आहे, डी क्वेरव्हेन. त्यांनी १८९५ साली तो लिहून ठेवला. नाव मला पाठ व्हायला आठवडा गेला, पण आजार एका मिनिटात कळला, कारण तिनं विचारलं, "परकरात नाडी घालता ना?" अंगठा मागे आणि बाहेर ओढणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, मनगटापाशी एका अरुंद नेफ्यातून जातात. तोच तोच ताण पडत राहिला की नेफा जाड होतो, आणि आतली नाडी सरकताना घासते. संपलं. तिनं आणखी एक सांगितलं ते ऐकून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. हे दुखणं नव्या बाळंतिणींना फार होतं, बाळाला काखेत हात घालून सारखं उचलावं लागतं म्हणून. म्हणजे मी जिच्यासाठी बाळंतविडा विणणार, तिचं आणि माझं दुखणं एकच.

मग ती म्हणाली, "उद्या सुई-दोरा घेऊन या. करून दाखवा." इतक्या वर्षांत माझं काम बघायचंय असं दवाखान्यात कोणी म्हणालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या स्टुलावर बसून साखळ्या, म्हणजे पायाचे टाके घातले, त्यावर खांबांची, म्हणजे उभ्या टाक्यांची, एक ओळ घातली. ती खाली वाकून बघत होती. म्हणाली, "काकू, तुम्ही सुई धरत नाही, तिचा गळा आवळताय."

खरंच होतं. मी सुई पेन्सिलीसारखी धरते, माझ्या आत्यानं तशीच शिकवली. अंगठ्याचं पेर उलटं वाकून नख पांढरं पडलेलं. डाव्या हाताच्या करंगळीला दोऱ्याचे दोन वेढे, पहिलं बोट आकाशाकडे ताठ. कोपर हवेत. आणि दोरा ओढायचा प्रत्येक वेळी मनगटाला पीळ देऊन. एका ताटरुमालाला शेकड्यांनी खांब लागतात, तेव्हा हा पीळ किती वेळा बसत असेल ते मोजू नका. मी मोजलं होतं, उगाच मोजलं.

तिनं पट्टा दिला, अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा. तीन आठवडे विणणं बंद, पण त्याबरोबर एक चिठ्ठी: पिळणं नाही, खोवणं नाही, सांडशी नाही, कणीक नाही. ती चिठ्ठी मी फ्रिजवर लावली. तीन दिवस कोणी वाचली नाही. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर सासूबाई ओट्याशी उभ्या, परातीत कणीक. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मी म्हटलं, "आई, राहू द्या, मी बघते." त्या म्हणाल्या, "माझीही बोटं दुखत होती. चाळिशीतच सोडलं मी क्रोशे. तेव्हा असले पट्टे नव्हते." त्या विणत असत हे मला लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊन तेव्हा कळलं. चादरी पिळणं अहोंकडे गेलं ते आजतागायत त्यांच्याकडेच आहे. नारळ आता किसलेला येतो, आणि मी त्याबद्दल कोणाची क्षमा मागत नाही.

परत सुरुवात केली ती पंधरा मिनिटांपासून. बदललं काय, तर सुईची मूठ. पोलादी सुईच्या दांड्यावर आधी चिंधी गुंडाळली, ती गोळा होऊन सरकायची. मग एम-सीलचा गोळा लावून बघितला, तो इतका जड झाला की सुई पुढे झुकायला लागली. शेवटी शाळेच्या वस्तूंच्या दुकानात लहान मुलांच्या पेन्सिलीवर चढवायची मऊ रबरी मूठ मिळाली, तीच आत थोडी दोऱ्याची गुंडाळी भरून बसवली. पुढे जपानी बनावटीची, मऊ मुठीची एक सुई भाचीनं आणून दिली. चांगली आहे, पण किमतीला भारी. आधी रबरी मूठ वापरून बघा, मग खर्च करा. सुई सुरीसारखी, तळहातात धरूनही पाहिली. अनेकींना त्यानं आराम पडतो. मला बारीक कामात जमली नाही, लोकरीला मात्र आता तशीच धरते.

डाव्या करंगळीचे वेढे सोडले. दोरा आता बोटांच्या वरून-खालून नागमोडी नेते. पहिले दोन दिवस काम इतकं ढिलं झालं की रडू आलं. दोन्ही कोपरांखाली उशा घेते, बाळाला पाजताना घेतात तशा. पहिल्या साखळ्या एक नंबर जाड सुईनं घालते, नाहीतर पुढची अख्खी ओळ त्या आवळलेल्या साखळीत सुई खुपसण्यात जाते. आणि दोन फुलं झाली की उठते. 'एवढी ओळ संपवते आणि उठते' हे वाक्य मात्र अजून तोंडातून जात नाही. ओळीच्या शेवटी मुका खांब, म्हणजे आखूड टाका, राहतो ना, तो हाक मारतो.

बोटं उघडी ठेवणारे ते घट्ट हातमोजे मिळतात, तेही घेतले होते. थंडीत बरे. सांगलीच्या एप्रिलमध्ये घालून बघा एकदा.

पण हे सगळं माझ्या दुखण्याचं झालं. तुमचं वेगळं असू शकतं, आणि 'बोटं दुखतात' एवढ्यावर कोणी सांगू नये, मीही नाही. रात्री झोपेत हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, मुंग्या अंगठा आणि शेजारच्या दोन-अडीच बोटांत, करंगळी मात्र मोकळी, असं असेल तर ते मनगटातल्या बोगद्यात नस दाबली जाण्याचं लक्षण असतं. त्याचा पट्टा वेगळा, तो रात्री लावतात. बोट मिटल्यावर अडकतं आणि कट्‌कन सुटतं, तर तिथे नाडीला गाठ आलीय आणि ती नेफ्याच्या तोंडाशी अडतेय असं समजा. माझ्या विणकामाच्या वर्गातल्या एकीचं असंच बोट अडकायचं. ती क्रोशाला दोष देत बसली, रक्त तपासल्यावर साखर वाढलेली निघाली. मधुमेहात हे बोट अडकणं जास्त दिसतं. थायरॉइड कमी असेल तर ते मुंग्यांचं दुखणं. आणि सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर ताठ राहत असतील, पेरं सुजून गरम लागत असतील, तर तेल चोळत बसू नका, संधिवाताची तपासणी करून घ्या. तो लवकर सापडलेला बरा.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा सुई-दोरा पर्समध्ये घेऊन जा. आणि "काय काम करता?" असं विचारलं तर "काही नाही" म्हणू नका. आधी विणकाम सांगा, किती तास ते सांगा, मग कणीक, चादरी, नारळ सगळं सांगा. थोडा वेळ लागतो. लागू द्या.

आणखी एक गोष्ट परवा प्रदर्शनात भेटलेल्या त्या बाईंसाठी, ज्यांनी खेळण्यांच्या ऑर्डरी घेतल्यात असं म्हणाल्या. ते कापूस भरलेले ससे आणि अस्वलं हातांसाठी सगळ्यात वाईट, कारण भरलेला कापूस बाहेर दिसू नये म्हणून प्रत्येक मुका खांब गच्च आवळावा लागतो. सशामागे सशाची ऑर्डर घेऊ नका. मधे एखादी सैल विणीची शाल घ्या. आणि किंमत वाढवा. दुखऱ्या हातांनी स्वस्तात विकणं हे मी वीस वर्षं केलंय, त्यात काही पुण्य नाही.

ते रुखवताचं तोरण वेळेत झालं नाही. मी पैसे परत केले, वधूच्या आईनं दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. तोरण नंतर पूर्ण केलं आणि आमच्याच दाराला लावलं. डावीकडची एकोणीस फुलं पट्ट्याच्या आधीची, उजवीकडची नंतरची. दोरा तोच, सुई तीच, पण उजवीकडचं प्रत्येक फूल दोऱ्याच्या दोन पदरांएवढं मोठं झालंय, त्यामुळे तोरण त्या बाजूला अंगठाभर खाली लोंबतं. येणारा-जाणारा हटकतो. सासूबाई तर दर दसऱ्याला म्हणतात, "डावी बाजू उसव आणि नीट कर की."

उसवायलाही अंगठाच लागतो, आई.