शुक्रवारचा शेवटचा तास

आम्ही पाचवीत इंग्रजी मुळाक्षरं गिरवायला लागलेली पिढी. आठवीत बाई आल्या तेव्हा धडे वाचता येत होते, पण इंग्रजीत बोलायचं म्हटलं की सगळ्यांची दातखीळ बसायची. बाई रोज एखादं क्रियापद घ्यायच्या आणि त्याचं कूळ-मूळ सांगायच्या. त्यातलं 'डिस्कस' माझ्या मनात घर करून राहिलं.

प्रश्नात 'डिस्क्राइब' असेल तर वर्णन करा, 'डिस्कस' असेल तर सगळ्या बाजू तपासा, हे त्या परीक्षेआधी बजावत. पण त्यांचा जीव रमायचा तो त्यामागच्या गोष्टीत. मूळ लॅटिन 'डिस्कुतेरे', म्हणजे आपटून, झटकून सुटं करणं. 'पर्कशन' आणि 'कन्कशन' त्याच घराण्यातले, एकात तालवाद्यावरची थाप, दुसऱ्यात डोक्याला बसलेला मार. जुन्या इंग्रजी वैद्यकात सूज पांगवण्यालाही हेच क्रियापद होतं. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात तो अर्थ नोंदवलेला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात लोक गमतीने जेवणाचा किंवा मद्याचा समाचार घेण्यालाही 'डिस्कस' म्हणू लागले. हे ऐकून वर्ग खिदळला आणि बाईही मनापासून हसल्या.

'डिस्कस'पुढे कोणी 'अबाउट' लावलं की त्या लगेच थांबवायच्या. हे क्रियापद सरळ कर्म घेतं. "विषयाभोवती फेऱ्या कशाला मारता? त्यालाच हात घाला ना!"

शुक्रवारचा शेवटचा तास त्यांनी अशा 'डिस्कस' करण्यासाठी, म्हणजे चर्चेसाठी, राखला होता. आधीच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगायचं, मगच आपलं मांडायचं, एवढा एकच नियम. भाषा मराठी-इंग्रजी कशीही चालायची. एकदा विषय निघाला, वर्ग झाडायची पाळी मुलींचीच का? मुलं म्हणाली, त्यांना चांगलं जमतं. मुली चिडल्या. बाई रागावल्या नाहीत, त्यांनी फळ्यावर त्या एका प्रश्नाचे तुकडे केले: लवकर कोण येतं, पाणी कोण भरतं, कचरा राहिला तर बोलणी कोण खातं. तुकडे वेगळे दिसल्यावर 'जमतं' या उत्तरात काही दम उरला नाही. पुढच्या सोमवारपासून हजेरीपटाच्या क्रमाने पाळ्या लागल्या, मुलगा असो की मुलगी. कोणी जिंकलं नव्हतं, कोणाला हरवायचंही नव्हतं. वादविवाद स्पर्धेत मी बक्षिसं मिळवली आहेत, तरी त्या तासाची सर त्यांना नाही.

आज गावच्या पाणीपुरवठा समितीत मी आहे. पाणीपट्टीचा विषय आला की आवाज चढतात. तेव्हा मी पाइपलाइनची दुरुस्ती, पंपाचं वीजबिल, थकबाकी आणि वरच्या आळीला न पोचणारं पाणी हे चार वेगळे कागद करून समोर ठेवतो. ही पद्धत बाईंची.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेकडे एक मागणं आहे. हल्ली तो तास जादा सरावासाठी वापरला जातो असं ऐकलं. सराव इतर दिवशीही होईल. शुक्रवारचा तास पुन्हा चर्चेला द्यावा. सुरुवातीला कोणी जबाबदारी घेणारं हवं असेल तर मी दर आठवड्याला यायला तयार आहे.