प्रत्येक वाक्यामागचा कागद

रविवार, मे महिन्याची अखेर

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयाचे ओळखपत्र शुक्रवारी परत केले. एमबीएच्या पहिल्या वर्षानंतरची माझी उन्हाळी इंटर्नशिप एका इन्व्हेस्टमेंट बँकेच्या, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणाऱ्या बँकेच्या, भांडवल बाजार विभागात झाली, आणि आज डोंबिवलीच्या घरी, कोणाच्याही मेलची वाट पाहायची नसताना, त्यातले जे मनावर ठसले आहे ते लिहून ठेवते आहे. त्या बँकेचे आणि जिच्या आयपीओवर, म्हणजे लोकांना पहिल्यांदाच शेअर विकण्यावर, आम्ही काम केले त्या कंपनीचे नाव या वहीतसुद्धा येणार नाही. गोपनीयतेच्या करारावर मी सही केली आहे आणि ती सही मी पाळणार आहे. कार्यालयातही कंपनीचा उल्लेख तिच्या नावाने होत नसे. प्रत्येक कामाला एक सांकेतिक नाव असे, आणि लिफ्टमध्ये तेही उच्चारायचे नाही, असा दंडक होता.

कॉलेजात आम्हाला कंपनीचे मूल्यांकन शिकवले गेले होते. भविष्यातला रोखीचा ओघ आजच्या किमतीत कसा आणायचा, त्याच धंद्यातल्या सूचिबद्ध कंपन्यांशी तुलना करून भाव कसा ठरवायचा, याचीच तयारी करून मी गेले होते. माझ्या वाट्याला आले ते बॅकअपचे काम. आयपीओ आणू पाहणारी कंपनी आधी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, शेअरविक्रीच्या प्रस्तावाचा मसुदा दाखल करते, ज्याला सगळे डीआरएचपी म्हणतात. त्या शेकडो पानांतल्या प्रत्येक विधानामागे, मग ते कामगारांच्या संख्येचे असो की कारखान्याच्या उत्पादनक्षमतेचे, एक कागद असावा लागतो. कुठे लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र, कुठे चार्टर्ड इंजिनिअरचे, कुठे कराराची प्रत, कुठे संचालक मंडळाचा ठराव. मसुद्यातल्या वाक्याला क्रमांक द्यायचा, त्याच क्रमांकाने कागद फायलीत लावायचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून शब्दाला शब्द व आकड्याला आकडा जुळतो का ते पाहायचे. पहिल्याच बैठकीत कंपनीच्या बाजूने आलेले ‘पश्चिम भारतातील आघाडीची उत्पादक’ हे वर्णन वकिलांनी खोडले, कारण आघाडीची असे कोण म्हणते, याला कागद नव्हता. बॅकअप नाही तर वाक्य नाही, एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळले.

हे काम कारकुनी आहे, असे माझ्याबरोबरच्या काही मुलांना वाटत असे. मला तसे वाटले नाही, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. १९९२ पर्यंत आपल्याकडे भांडवल उभारणीवर १९४७ च्या कायद्याने नियंत्रण होते. अर्थ मंत्रालयातले भांडवल निर्गम नियंत्रक कंपनीला परवानगी देत आणि शेअर कोणत्या भावाने विकायचा यातही त्यांचाच शब्द चाले. तो कायदा रद्द झाला, त्याच वर्षी सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, आणि भाव ठरवणे कंपनी व तिच्या बँकरकडे आले. तेव्हापासून कंपनी चांगली आहे की वाईट, भाव रास्त आहे की अवाच्या सवा, हे सरकार सांगत नाही, सेबीही सांगत नाही. सेबी पाहते ते एवढेच, की गुंतवणूकदाराला निर्णय घेण्यासाठी जे कळायला हवे ते सगळे लिहिले आहे की नाही. म्हणजे सामान्य माणसाचे सारे संरक्षण त्या मसुद्यातल्या वाक्यांवर उभे आहे, आणि ती वाक्ये खरी असल्याची खातरजमा आम्ही केली आहे, असे प्रमाणपत्र बँकर सेबीला सही करून देतो. त्या सहीखाली बॅकअपची फाइल असते.

ज्या कंपनीचे काम होते तिचा कारखाना महाराष्ट्रातल्याच एका औद्योगिक वसाहतीत आहे. त्यांची सगळी वह्या-पत्रके लाखांत आणि आमचा मसुदा मिलियनमध्ये, त्यामुळे प्रत्येक आकडा दहाने भागून ताडून पाहावा लागे. तिथले हिशेब विभागाचे प्रमुख वयाने माझ्या बाबांएवढे होते. पहिल्या फोनवर ते इंग्रजीत जेवढ्यास तेवढे बोलले, मी मराठीत बोलू लागल्यावर म्हणाले, “मॅडम, मग आधी सांगायचं नाही का? कोणता कागद पाहिजे ते सांगा, संध्याकाळपर्यंत डेटा रूममध्ये टाकतो.” डेटा रूम म्हणजे कागद ठेवण्याची सामाईक ऑनलाइन जागा. मी त्यांना काका म्हणू लागले आणि ते मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिले. कारखान्यात कोणता माल कोणाला जातो आणि बिल कोणाच्या नावाने निघते, हे मला त्यांनी जितके नीट समजावले तितके कोणत्याही पुस्तकाने समजावले नसते.

त्यांच्याच खातेवहीतून तो प्रश्न निघाला. मसुद्याच्या व्यवसायावरील प्रकरणात सर्वांत मोठ्या ग्राहकाचा विक्रीतला वाटा दिलेला होता. खातेवही ताडताना दिसले की, ग्राहकांच्या यादीतली दोन वेगवेगळी नावे एकाच उद्योगसमूहातल्या कंपन्यांची आहेत. दोन्हींची विक्री एकत्र धरली तर कंपनीचे एकाच समूहावरचे अवलंबित्व मसुद्यात दिसते त्याहून बरेच जास्त ठरत होते. मी ते आमच्या असोसिएटला दाखवले, त्याने वर कळवले, आणि पुढच्या ड्राफ्टिंग सेशनमध्ये त्यावर मोठी चर्चा झाली. प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्यांचे, म्हणणे होते की, दोन्ही कंपन्यांच्या ऑर्डरी, खरेदी अधिकारी आणि करार वेगळे आहेत, मग त्या एकत्र का धरायच्या? मुद्दा अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण आमच्या व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट) बाईंनी शांतपणे विचारले, “उद्या त्या समूहाने ठरवले की तुमच्याकडून माल घ्यायचा नाही, तर दोन्ही ऑर्डरी थांबतील की एक?” त्यावर कोणाला काही बोलता आले नाही. अखेर दोन्ही आकडे एकत्र धरून ते वाक्य जोखीम घटकांच्या प्रकरणात, तेही पहिल्या काही जोखमींत, लिहिले गेले.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. आयपीओच्या बँकरला फी मिळते ती शेअरविक्रीच्या रकमेच्या प्रमाणात, आणि कंपनी व शेअर विकणारे तिचे भागधारक ती देतात. म्हणजे पैसे ज्यांच्याकडून घ्यायचे त्यांनाच ‘हे तुमच्या विरुद्ध जाणारे वाक्य लिहावे लागेल’ असे सांगायचे, आणि तेही ज्याच्यासाठी सांगायचे तो सामान्य गुंतवणूकदार त्या खोलीत हजर नसताना. त्या माणसाच्या वतीने बोलणारे कोणी असेल तर ते तिथल्या एखाद्या व्यक्तीच्या सचोटीवर अवलंबून राहते. नियम आहेत, दंडही आहेत. पण भरलेल्या खोलीत तो प्रश्न विचारण्याचे धैर्य नियमांतून येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले. व्हीपी बाईंबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तो गैरहजर माणूस माझ्या घरातच आहे. २०२२ मध्ये एलआयसीचा आयपीओ आला तेव्हा पॉलिसीधारक म्हणून बाबांनी अर्ज केला होता, आणि आपले पैसे एलआयसीत गेले, असे ते परवापर्यंत समजत होते. ती विक्री संपूर्णपणे सरकारच्या हिश्शाची होती, त्यामुळे पैसे सरकारकडे गेले; नवे शेअर काढलेच गेले नव्हते. हे प्रस्तावात स्पष्ट लिहिलेले होते. परंतु नवे शेअर आणि जुन्या भागधारकाने विकलेले शेअर यांतला फरक मोबाइलच्या ॲपवर यूपीआयने अर्ज भरणाऱ्या किती जणांच्या ध्यानात येत असेल? गेल्या आठवड्यात मामाने फोन करून ‘एखादी आतली बातमी दे’ असे म्हटले, तेव्हा मी त्याला नाही म्हणून सांगितले, आणि त्याऐवजी कोणत्याही प्रस्तावातले जोखीम घटक आणि पैशांच्या विनियोगाचे प्रकरण कसे वाचायचे ते पुष्कळ वेळ समजावले. आईला वाटले, मी उगाच कडक बोलले. मला तसे वाटत नाही.

तासांबद्दल लिहायलाच हवे, कारण कॉलेजात सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. काम खूप असते, हे खरे. पण रात्र होण्याचे कारण फक्त काम नसते. वरिष्ठ दिवसभर बैठकांत असतात, मसुदा त्यांच्या हाती संध्याकाळी पडतो, कमेंट्स रात्री येतात आणि सकाळपर्यंत नवा ड्राफ्ट हवा असतो. दुपारी आम्ही वाट पाहत बसलेलो असू आणि कुर्ल्याहून शेवटची लोकल सुटून गेल्यावर काम रंगात येई. मग कार्यालयाच्या गाडीने डोंबिवली गाठायची आणि सकाळी पुन्हा त्याच गर्दीत उभे राहायचे. एका कनिष्ठ ॲनालिस्टला पहाटे आकडे ताडताना मी पाहिले आहे. झोपेने त्याचे डोळे मिटत होते. ज्या कामाचा सारा अर्थ अचूकतेत आहे ते अशा अवस्थेत करून घेणे मला गुंतवणूकदारावरचाही अन्याय वाटतो. ही पद्धत बदलता येण्यासारखी आहे, निदान मसुदा दुपारी वाचण्याची वेळ ठरवता येईल, आणि निरोपाच्या बोलण्यात मी तसे सांगितलेही. वरिष्ठांनी ऐकून घेतले.

नोकरीचा प्रस्ताव आला तर मी तो स्वीकारीन, असे आज तरी वाटते.

आमचा मसुदा अजून दाखल व्हायचा आहे. तो दाखल झाला की इंग्रजी आणि हिंदी वृत्तपत्रांबरोबर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या प्रदेशातल्या भाषेच्या वृत्तपत्रातही, म्हणजे इथे मराठीत, जाहिरात द्यावी लागते, आणि किमान २१ दिवस कोणाही नागरिकाला त्यावर आपले म्हणणे कळवता येते. ती जाहिरात बहुतेक लोक वाचत नाहीत. मीही आजवर वाचत नव्हते. त्यानंतर सेबीचे शेरे येतील, वकील पुन्हा हात फिरवतील, प्रवर्तक पुन्हा एकदा प्रयत्न करतील. अंतिम प्रस्ताव जाहीर होईल त्या दिवशी मी सगळ्यांत आधी जोखीम घटकांचे ते पान उघडून पाहणार आहे, की दोन्ही आकडे अजूनही एकत्र आहेत का.